छाट

प्रशिक्षण तीन दिवसांचं होतं, मे महिन्यात,
अशोक चौकापलीकडच्या एका हॉलमध्ये,
जिथे पंखे नुसतीच गरम हवा इकडची तिकडे करत होते.
पुण्याहून आलेला पोरगा म्हणाला,
मॅडम, बोट लावा, घाबरू नका.
मी बोट लावलं.
पडद्यावर पृथ्वी फिरली, मग थांबली,
मग एक वर्तुळ फिरत राहिलं, नुसतंच वर्तुळ.
तोही घामाघूम. नेट गेलंय, म्हणाला.
गड्डम बाईंनी डबा उघडला
आणि शेंगाचटणीचा वास
सगळ्या तंत्रज्ञानावर पसरला.

प्रमाणपत्र आलं. नाव बरोबर, आडनाव चुकलेलं.

जूनमध्ये बोर्ड आला :
चार हमाल, एक फोटो, दोन सह्या.
हेडमास्तर म्हणाले, फुटला तर पगारातून.
म्हणून दिवाळीपर्यंत त्याच्यावर चादर होती,
आपल्याच गावची, मोरांची.
त्या मोरांकडे बघत मी पाढे घेतले.

माझे वडील कारखान्यात जकार्डची पुठ्ठी पाडायचे.
भोक म्हणजे दोरा वर,
भोक नाही म्हणजे खाली.
एवढंच, म्हणायचे, मग मोर आपोआप होतो.
पगाराच्या वहीत मात्र अंगठा.
तो पोरगा शून्य आणि एक सांगत होता तेव्हा
मी वहीत भराभर उतरवून घेत होते,
आणि मला आठवलंच नाही
की हे मी घरी ऐकलंय, तेलुगूत,
सहा वर्षांची असताना.

दिवाळीनंतर एका सोमवारी मी चादर काढली.
घडी घालून टेबलावर ठेवली.

तिसरीत एकतीस पोरं.
शेवटच्या बाकावर लावण्या चिप्पा,
दोन वर्षांत वर्गात एक शब्द नाही.
आधीच्या बाईंच्या शेऱ्यात : अप्रगत.
शनिवारी मी विडी घरकुलात तिच्या घरी गेले होते.
नरसव्वा मांडीवर सूप घेऊन वळत होती.
म्हटलं, थांबू नका, फक्त मोठ्यानं मोजा,
आणि फोन पानांच्या शेजारी ठेवला.

सोमवारी बोर्डातून तिचा आवाज आला.
ओकटी, रेंडु, मूडु,
मध्येच कात्री, मध्येच खोकला,
पत्र्यावर कुणीतरी चालल्याचा आवाज.
पोरं हसली, मग मोजायला लागली,
तेलुगूतली तेलुगूत, मराठीतली मराठीत,
आणि शबाना तिच्या घरच्यासारखं.
पंचवीसला कट्टा व्हायला हवा होता.
आवाज पुढे गेला. सव्वीस.

मी म्हटलं, चुकल्या वाटतं.
शेवटच्या बाकावरून,
नाही, चुकली नाही.
एक जास्त घालते. छाट निघते म्हणून.

वर्ग गप्प झाला नाही, उलट
सगळेच एकदम बोलायला लागले.
छाट सगळ्यांना माहीत होती.
पुस्तकात नव्हती.
मग आम्ही हजाराचं गणित मांडलं, बोर्डावर, बोटानं :
कुणाच्या आईच्या चाळीस काढतात,
कुणाच्या साठ, कारखानदार तोच.
का, मॅडम?
मी बोट लावलं. बोर्डात काही नव्हतं.
प्रशिक्षणातही हे आलं नव्हतं.
मी म्हटलं, मलाही माहीत नाही, विचारून या.
इतक्या वर्षांत असं पहिल्यांदा म्हटलं,
आणि कुणी हसलं नाही.

परवा पुन्हा फॉर्म आलाय.
प्रशिक्षण उपयुक्त वाटले का, होय किंवा नाही.
दोन्हीच्या मध्ये मी टिंब दिलंय.
अप्रगत विद्यार्थी, संख्या :
आधी शून्य लिहिला, मग खोडला.
व्यंकटेशला हातचा अजून येत नाही, खोटं कशाला.
अडचणी असल्यास, खाली दोनच ओळी.
पुढचं प्रशिक्षण वर्गात घ्या, पोरं समोर असताना.
आणि एक लांब वायर पाठवा.
प्लग हेडमास्तरांच्या कपाटामागे आहे.